योसेमिटीत कमी गर्दीचे एका दिवसाचे ट्रेल कसे शोधायचे?

दवबिंदू:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी मेमोरियल डेच्या (मेअखेरच्या सुट्टीच्या) वीकेंडला आम्ही पहिल्यांदा कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कला गेलो. टनल व्ह्यूला गाडीतून उतरले आणि समोर ती अख्खी व्हॅली एकदम दिसली तेव्हा मला दोन मिनिटं बोलताच येईना, हे आधी सांगून टाकते, नाहीतर वाटेल बाई नुसती तक्रार करतेय. पण त्यानंतरचे दोन दिवस फार मनाला लागले. पार्किंग शोधण्यात दीड तास गेला, मग मिस्ट ट्रेलवर गेलो तर व्हर्नल फॉलच्या पायऱ्यांवर चक्क रांग, पुढच्याची बॅग आपल्या नाकासमोर, वर कुणी फोटोला थांबलं की खाली सगळे ठप्प. आणि कुणाच्यातरी बॅगेला लावलेला स्पीकर मोठ्याने चालू. मुलगी मला म्हणाली, आई, पाण्याचा आवाजच येत नाहीये गं. एवढा मोठा धबधबा समोर आणि माझ्या पोरीला पाणी ऐकू येत नाही, हे वर्षभर डोक्यातून गेलेलं नाही.

यावर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात परत जायचं ठरवलंय, सोमवार ते गुरुवार. मी, नवरा, मुलगी (आता ११ ची) आणि सासूबाई. आम्ही तिघं ८-१० मैल आरामात चालतो. सासूबाई ६८ च्या आहेत, गुडघे दुखतात पण दोन काठ्या घेऊन दीड-दोन मैल हळूहळू जातात आणि त्यांना यायचंच आहे. तंबू-बिंबू घेऊन रात्री राहायचं नाही, सकाळी जाऊन संध्याकाळी परत असंच हवंय.

नेटवर 'लपलेली रत्नं' म्हणून ज्या याद्या मिळतात त्यात सगळीकडे तीच दहा नावं आहेत, म्हणजे ती आता लपलेली कुठून राहिली. मला नावं तर हवीच आहेत पण त्याहून जास्त हे हवंय की तुम्ही लोक असे ट्रेल शोधता कसे, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या पार्कात गेले तर माझं मला शोधता येईल.


रानवाट:

दवबिंदू, तुमच्या मुलीचं वाक्य वाचून थांबलोच जरा. मी गेली चौदा वर्षं योसेमिटीला जातोय, वर्षातून दोनदा तरी, आणि मनापासून सांगतो, तिथे शांतता चिक्कार आहे, आपण सगळे एकाच जागी जाऊन थांबतो म्हणून ती सापडत नाही. पार्क जवळजवळ ३,००० चौरस किलोमीटरचं आहे आणि व्हॅली म्हणजे त्यातला एक टक्काही नाही. वर्षाला साधारण चाळीस लाख माणसं येतात आणि त्यातली बहुतेक सगळी त्या सातेक मैल लांबीच्या पट्ट्यात गोळा होतात. बाकी पार्कात साडेसातशे मैलांचे ट्रेल आहेत.

त्यामुळे मी गुपित जागा शोधत नाही. मी पार्कचाच नकाशा उघडतो आणि प्रत्येक ट्रेलला एकच विचारतो, इथे लोक का येत नसतील? कारण मिळालं आणि ते कारण मला चालण्यासारखं असलं की ट्रेल ठरला. बऱ्याचदा कारण इतकं साधं असतं ना. उदाहरणार्थ ट्रेल सुरू होतो तोच उताराने. जाताना खाली आणि येताना दमलेल्या पायांनी चढ, हे बहुतेकांना नको असतं. किंवा शेवटाला एकच असं काही नसतं ज्याचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय, नुसतं कुरण आणि ओढा. किंवा पार्किंग पंधरा-वीस गाड्यांचं आणि पार्कची शटल बस तिथे जात नाही. किंवा गेटपासून लांब, व्हॅलीत मुक्काम असेल तर दीड तास गाडी हाणावी लागते. यातलं एक कारण असलं तरी गर्दी अर्धी होते, दोन असली तर तुम्ही आणि पक्षी.

आणखी एक म्हणजे गर्दीच्या ट्रेलवरसुद्धा पहिला मैल संपला की माणसं भराभरा कमी होतात. मिस्ट ट्रेलला मात्र हे लागू नाही, तिथे पुलापासून व्हर्नल फॉलच्या माथ्यापर्यंत आणि पुढे नेवाडा फॉलपर्यंत लोक असतातच, हाफ डोम या प्रसिद्ध दगडी शिखराला जाणारेही त्याच वाटेने चढतात.

आता नावं. तुम्हाला टायोगा रोड, म्हणजे पार्कच्या उंच भागातून जाणारा रस्ता, धरा असंच सांगेन, जूनच्या शेवटी तो बहुतेक वर्षी उघडलेला असतो. बहुतेक म्हटलं कारण २०२३ मध्ये बर्फ इतका होता की तो २२ जुलैला उघडला, तेव्हा निघायच्या आधी पार्कच्या साइटवर बघूनच घ्या.

मोनो पास. टायोगा पासच्या गेटच्या दीडेक मैल अलीकडे छोटं पार्किंग आहे, येऊन जाऊन ८ मैल, चढ साधारण हजार फूट पण तो असा पसरलेला आहे की पोरांना जाणवत नाही. खिंड १०,६०० फुटांवर आहे. ही फार जुनी वाट आहे बरं का, डोंगरापलीकडचे मोनो लेकचे पायूट आणि अलीकडचे मिवोक हे मूळनिवासी लोक पिढ्यान् पिढ्या याच वाटेने व्यापाराला जात-येत. खिंडीपाशी जरा दक्षिणेला वळलात तर खाणकामगारांच्या लाकडी खोल्या अजून उभ्या आहेत. आणि खिंडीत थांबू नका, पलीकडे सार्डीन लेकच्या दिशेने थोडं उतरा, तिथून दरीच्या तोंडातून लांबवर मोनो लेक दिसतो. बहुतेक लोक खिंडीची पाटी बघून मागे फिरतात.

नॉर्थ डोम, पॉर्क्युपाइन क्रीकवरून. येऊन जाऊन दहा मैल. हाच तो आधी उतरणारा ट्रेल. शेवटी तुम्ही एका उघड्या दगडी घुमटावर उभे राहता आणि दरीपलीकडे हाफ डोमची सपाट भिंत सरळ तोंडासमोर. हाफ डोमवर चढायला लॉटरीचं परमिट लागतं, दिवसाला तीनशेच जणांना मिळतं. इथे परमिट नाही, काही नाही, आणि माझ्या मते हाफ डोम बघायचाच असेल तर तो त्याच्यावर उभं राहून थोडाच दिसतो. वाटेत इंडियन रॉकचा फाटा आहे, दगडाची नैसर्गिक कमान, थोडा चढ चढून जायचं, मुलीला नक्की आवडेल.

गेलर लेक्स पण सांगतो पण त्याला आता बरीच माणसं असतात, गेटलाच ट्रेल सुरू होतो म्हणून. मात्र बहुतेक सगळे पहिल्या तळ्यावर थांबतात. वरच्या तळ्याच्या पुढे चढलात की ग्रेट सिएरा माइनचे अवशेष आहेत, दगड नुसते रचून केलेली खोली. या खाणीसाठीच १८८३ मध्ये टायोगाचा मूळ रस्ता बांधला गेला आणि पुढच्याच वर्षी चांदीचा एक गाडा बाहेर न जाता खाण बंद पडली. तिथे बसून त्या माणसांचा विचार केला की पोटात काहीतरी होतं.


टेकडीवाली:

मी सासूबाईंसाठी लिहिते, कारण माझ्या आईला घेऊन मी हेच सगळं केलंय.

लुकन्स लेक. टायोगा रोडवरूनच, येऊन जाऊन १.६ मैल, चढ दोनशे फूट. मध्ये बसायला पडलेली झाडं आहेत. जूनच्या शेवटी तळ्याच्या काठच्या ओल्या कुरणात गुलाबी शूटिंग स्टार फुलतात, पाकळ्या मागे फिरलेल्या आणि टोक खाली, अगदी लहानशी असतात, वाकून बघावी लागतात. संध्याकाळी चारनंतर जा, त्या वेळी बहुतेक लोक व्हॅलीकडे परत निघालेले असतात. डास मात्र भयंकर असतात त्या दिवसांत, खोटं नाही सांगत, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्यावरून घ्यायची जाळी न्याच. आमची पहिली खेप डासांनी पंधरा मिनिटांत आटोपली होती.

मर्सेड ग्रोव्ह पण फार सुंदर आहे, मॅरिपोसा ग्रोव्हला पाचशेच्या वर सिक्वोया (ती अजस्र झाडं) आहेत आणि तिथे शटलने माणसं येतात, मर्सेडला वीसेकच झाडं पण तुम्ही त्यांच्यापाशी एकटे असता. येऊन जाऊन ३ मैल. पण! जाताना उतार आणि येताना तोच चढ, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांना दोन्हीकडून त्रास. सासूबाईंना तिथे नेऊ नका, तुम्ही तिघं जा.

त्यांच्यासाठी दुसरा पर्याय चक्क व्हॅलीतलाच आहे. व्हॅली लूप ट्रेल. पूर्ण ११.५ मैलांचा आहे, अर्धा ७.२, पण तुम्ही तो कुठूनही कितीही चालू शकता. व्हॅलीच्या पश्चिमेच्या भागात, एल कॅपिटनच्या उंच कड्याच्या आसपास, सकाळी सातला चाला. रस्ता शंभर पावलांवर असतो, गाड्या जाताना ऐकूही येतात मधूनमधून, तरी ट्रेलवर कुणी नसतं कारण सगळे गाडीतूनच एल कॅप बघून पुढे जातात. जवळजवळ सपाट आहे. आई एका ठिकाणी अर्धा तास नदीकाठी बसली आणि पलीकडच्या काठाला हरणी आपलं पिल्लू घेऊन पाण्यावर आली. आईने मला हातानेच गप्प बस म्हणून खूण केली.


निळावंती:

माफ करा पण मला हे पटत नाही. आपणच अशी नावं जाहीर लिहितो आणि मग पाच वर्षांनी म्हणतो पूर्वीसारखं राहिलं नाही. मी एका छोट्या तळ्यावर वर्षानुवर्षं जात होते, कुणीतरी फोटोसकट नेमकी जागा टाकली आणि दोन उन्हाळ्यांत काठाचं गवत तुडवून तिथे चार-पाच पायवाटा झाल्या. कुरण असं तुडवलं गेलं की पाणी त्या वाटांमधून वाहून जातं, माती सुकते, परत गवत यायला किती वर्षं लागतात. मला खरंच रडू आलं होतं. पद्धत सांगा, नावं कशाला?


रानवाट:

निळावंती, तुमचं दुःख कळतं, माझ्याही अशा दोन जागा गेल्यात. म्हणून मी एक नियम पाळतो. जो ट्रेल पार्कच्या स्वतःच्या नकाशावर आहे, ज्याला पाटी आहे, पार्किंग आहे, रेंजरची (पार्कच्या रक्षकांची) गस्त आहे, त्याचं नाव सांगायचं. ती वाट माणसांच्या पायांसाठीच बांधलेली आहे, तिच्यावर वीस माणसं जास्त चालली तर व्हॅलीवरचा भार तेवढाच हलका होतो. ज्याला नकाशावर वाट नाही असं तळं, असा कडा, याचं नाव मी जवळच्या मित्रालाही लिहून देत नाही, बरोबर घेऊन जातो. वर मी जी नावं दिली ती सगळी पहिल्या प्रकारातली आहेत.

आणि दवबिंदू, निळावंतींनी सांगितलेली कुरणाची गोष्ट मुलीलाही सांगा. वाटेत चिखल असला तर बाजूच्या गवतावरून न जाता सरळ चिखलातून जायचं, बूट धुता येतात.


निळावंती:

हे मान्य आहे मला. नकाशावरचं असेल तर हरकत नाही.


ढगाआड:

मी जरा वेगळं लिहितो, कारण कमी गर्दीच्या ट्रेलची दुसरी बाजू कुणी लिहिली नाही. चुकलात तर विचारायला मागून कुणी येत नसतं.

मी आणि भाऊ, जुलैचा पहिला आठवडा, बर्फाचं वर्ष होतं. टायोगा रोडच्या उत्तरेला एका ट्रेलवर गेलो. जंगलात उघड्या जागी बर्फ वितळला होता पण झाडांच्या सावलीत अजून मोठमोठे पट्टे होते, शंभर-दोनशे फुटांचे, आणि वाट त्यांच्या खाली गायब. पहिले तीन-चार पट्टे पार केले, पलीकडे वाट मिळाली, हिंमत वाढली. मग बर्फावर कुणाच्यातरी पावलांचे ठसे दिसले, म्हटलं चला, कुणीतरी पुढे गेलंय, आणि त्यांच्या मागे निघालो. ते ठसे वीस-पंचवीस मिनिटं गेले आणि एका खडकापाशी गोल फिरून मागे वळले. म्हणजे तो माणूस पण वाट चुकलेला होता आणि आम्ही त्याच्या चुकीमागे अर्धा तास चाललो होतो. फोनला नेटवर्क शून्य. नकाशा डाउनलोड केलेला नव्हता, ही सर्वस्वी आमची चूक. दुपारचे अडीच वाजलेले.

भावाने तिथे एक गोष्ट बरोबर केली, तो खाली बसला आणि म्हणाला मी आता एक पाऊल पण पुढे टाकणार नाही, आपण शेवटची खात्रीची खूण कुठे पाहिली ते आठव. ती म्हणजे करवतीने कापलेला, आडवा पडलेला झाडाचा ओंडका. जंगलात मोडलेलं लाकूड कुठेही दिसतं पण सपाट कापलेलं टोक दिसलं म्हणजे वाट मोकळी करायला माणूस आला होता. आमचेच ठसे धरून मागे गेलो, ओंडका सापडला, आणि तिथून वर बघितलं तर झाडाच्या सालीवर डोळ्यांच्या उंचीपेक्षा थोडं वर एक जुनी खूण, इंग्रजी टी अक्षरासारखी खोदलेली, कडा वर्षानुवर्षं भरून येऊन ओठांसारख्या जाड झालेल्या. नंतर रेंजरने सांगितलं की १८९१ पासून वीसेक वर्षं पार्क लष्कराच्या घोडदळाकडे होतं आणि त्यांनी गस्तीच्या वाटांवर या खुणा केल्या होत्या. शंभर वर्षांपूर्वी कुणी सैनिकाने झाडावर चार घाव घातले आणि त्यांनी आम्हाला घरी आणलं. साडेसहाला गाडीपाशी पोचलो.

तेव्हापासून न चुकता करतो ते असं. घरी असतानाच पार्कच्या ॲपमधून योसेमिटी ऑफलाइन सेव्ह करायचं आणि शिवाय कागदी नकाशा. कुठे चाललोय आणि किती वाजेपर्यंत परत येणार हे मागे राहिलेल्या माणसाला लिहून द्यायचं. परत फिरायची वेळ घड्याळात ठरवायची, पोचलो असू नसू, ती वेळ झाली की फिरायचं. आणि व्हिजिटर सेंटर किंवा वाइल्डरनेस सेंटरला जाऊन रेंजरला आज कुठला ट्रेल कसा आहे ते विचारायचं. चांगला ट्रेल कुठला असं विचारलंत तर ते बिचारे दिवसात दोनशे वेळा दिलेलं उत्तर देतात. तुम्हाला सुट्टी असेल आणि अकरा वर्षांची मुलगी बरोबर असेल तर तुम्ही या आठवड्यात कुठे जाल, असं विचारा आणि बघा, ते पेन काढून नकाशावर खुणा करायला लागतात.


दवबिंदू:

बाप रे ढगाआड, तुमचं वाचताना हातच थांबले माझे. नकाशा आजच डाउनलोड करते.

रानवाट, मोनो पास १०,६०० फूट म्हणजे मुलीला त्रास होईल का उंचीचा? आणि हेच हेची (पार्कातलीच धरणाची दरी) पण बघत होते, तिथे कमी गर्दी असते म्हणतात?


टेकडीवाली:

उंचीसाठी, पहिल्याच दिवशी मोनो पास ठेवू नका. आधी एक दिवस टायोगाच्या बाजूला हळूहळू फिरा, लुकन्स वगैरे करा, पाणी भरपूर प्या, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जा. डोकं दुखायला लागलं, मळमळ झाली तर चढणं बंद आणि खाली उतरायचं, त्याला दुसरं औषध नाही. मुलं सांगत नाहीत पटकन, गप्प होतात, तेव्हा ती गप्प झाली का ते बघत राहा.


रानवाट:

हेच हेचीला खरंच माणसं कमी असतात. वापामा फॉलपर्यंत येऊन जाऊन ५ मैल, धरणावरून चालत जायचं, मग बोगदा, मग पाण्याच्या कडेकडेने. पण जूनच्या शेवटी तिथे ऊन मी म्हणतं, उंची चारेक हजार फुटांचीच आहे आणि सावली नाही. एप्रिल-मे मध्ये जा, वर टायोगाला बर्फ असतो तेव्हा हेच हेची फुललेलं असतं. पाणी जोरात असेल तर वापामाच्या पुलांवरून धबधबाच वाहतो, तेव्हा पूल ओलांडायचा नाही म्हणजे नाही, तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. रॅटलस्नेक (विषारी साप) असतात आणि पॉयझन ओक हे खाज आणणारं झुडूप पण, तीन-तीन पानांचा गुच्छ दिसला की हात लावायचा नाही. रस्त्याचं गेट ठराविक वेळेतच उघडं असतं. सॅन फ्रान्सिस्कोचं पिण्याचं पाणी आहे ते, त्यामुळे जलाशयात पाय घालायलाही बंदी.

वावोनाचा चिलनुअल्ना फॉल पण असाच, ८ मैलांच्या वर आणि २,४०० फूट चढ, वसंतात अप्रतिम आणि उन्हाळ्यात भट्टी. पुढच्या मे महिन्यासाठी लिहून ठेवा.

आणि काही गोष्टी राहिल्या. टायोगाला दुपारनंतर ढग जमतात आणि वीज पडते, नॉर्थ डोमसारख्या उघड्या दगडावर दुपारी एकला असायचं नाही, सकाळी सातला चालायला लागायचं. पेट्रोल व्हॅलीत मिळत नाही, क्रेन फ्लॅटला भरून घ्या. खायचं सामान रात्री गाडीत ठेवायचं नाही, अस्वलं काच फोडतात, लोखंडी लॉकर असतात त्यात टाका. ट्रेलवर डबा खायला बसलात तर बॅग हाताच्या अंतरावर.

गाडीमागे ३५ डॉलर लागतात आणि ते सात दिवस चालतात. पार्कात शिरायची वेळ आधी राखून ठेवायची भानगड कधी असते कधी नसते, २०२३ ला नव्हती, २०२४ ला परत आली, तेव्हा तुमच्या वर्षाचं बघून घ्या.


दवबिंदू:

मंडळी, आलो परत! काल रात्री पोचलो आणि आज हे लिहिल्याशिवाय चैन पडेना.

सोमवारी लुकन्स लेक केलं संध्याकाळी. सासूबाईंना जायला पाऊण तास लागला, दोनदा बसल्या, पण गेल्या. टेकडीवाली, डासांची जाळी सांगितलीत त्याबद्दल किती आभार मानू, त्याशिवाय पाच मिनिटं टिकलो नसतो. सासूबाई जाळी घालूनच गवतात वाकून ती गुलाबी फुलं बघत होत्या आणि मला म्हणाल्या, आपण मागच्या वर्षी कुठे गेलो होतो मग?

मंगळवारी सकाळी मर्सेड ग्रोव्ह, आम्ही तिघंच, सासूबाई मुक्कामाला थांबल्या. पार्किंगमध्ये आमच्याशिवाय दोन गाड्या. खाली झाडांपाशी पोचलो तेव्हा इतकं शांत होतं की वरून खार शंकू कुरतडून खाली टाकत होती त्याचा धप् धप् आवाज येत होता. मुलीने एक उचलून बघितला, कोंबडीच्या अंड्याएवढा, हिरवा, घट्ट बंद. नवऱ्याने तिला सांगितलं की हा उघडायला बहुतेक वेळा खार तरी लागते नाहीतर आग, तर तिला ते खरंच वाटेना, एवढ्या मोठ्या झाडाचा एवढासा शंकू. परत जागेवर ठेवला तिने, बरोबर तिथेच. तिथली साल हाताला लाकडासारखी लागतच नाही, जाड, मऊ, दोऱ्यादोऱ्यांची. येतानाच्या चढाला दम लागला.

बुधवारी मोनो पास. सातला सुरू केलं. पहिल्या अर्ध्या मैलातच ओढा ओलांडायचा होता आणि दगड पाण्याखाली, बूट काढून गेलो, पाणी इतकं गार की मुलगी ओरडली आणि मग परत एकदा मुद्दाम जाऊन आली. संपूर्ण दिवसात आम्हाला अकरा माणसं भेटली, तिने मोजली. त्या खाणकामगारांच्या खोल्यांची दारं इतकी ठेंगणी आहेत की तीसुद्धा वाकून आत गेली. ओंडके राखाडी पडलेत, मधल्या फटींतून वारा येतो, आणि आत उभं राहिलं की पहिला विचार हाच येतो की हिवाळ्यात काय करत असतील. रानवाट, खिंडीत थांबू नका म्हणालात म्हणून पुढे उतरलो, आणि लांब खाली मोनो लेकचा निळा तुकडा दिसला. तिथे आम्ही बसलो होतो तेव्हा चाळीस मिनिटं कुणी आलं नाही. मुलगी गप्प होती, मी टेकडीवालीचं आठवून घाबरून विचारलं डोकं दुखतंय का, तर म्हणाली नाही, मी ऐकतेय.

गुरुवारी नॉर्थ डोम मात्र पूर्ण झाला नाही. आम्हाला निघायला उशीर झाला, नऊ वाजले, आणि इंडियन रॉकच्या फाट्यापाशी पोचेपर्यंत ढग काळे व्हायला लागले. नवरा म्हणाला कमान बघून येऊ पटकन, तेवढ्यात गडगडलं. ढगाआड, तुमच्या भावाची आठवण झाली. फिरलो मागे. मुलगी गाडीपर्यंत बोलली नाही माझ्याशी, पण गाडीत बसल्यावर दहा मिनिटांत गारा सुरू झाल्या आणि मग तिनेच माझा हात धरला.

जाता जाता, सासूबाई विचारतायत ऑक्टोबरात टायोगा रोड उघडा असतो का, त्यांना लुकन्सला डास नसताना परत जायचंय.


रानवाट:

वाचून फार बरं वाटलं. मागे फिरलात ते एकदम बरोबर केलंत, नॉर्थ डोम कुठे जात नाही.

ऑक्टोबरात बहुतेक असतो उघडा. पहिला मोठा बर्फ पडला की बंद करतात, साधारण नोव्हेंबरात, पण मधेच एखाद्या वादळाने दोन-चार दिवस बंद होऊन परत उघडतो, तेव्हा निघायच्या दिवशी सकाळी रस्त्याची स्थिती बघा. तळ्याकाठची फुलं नसतील, गवत सगळं पिवळं सोनेरी झालेलं असेल. सकाळी थंडी कडाक्याची असते, दुपारी अकरानंतर न्या त्यांना.


टेकडीवाली:

आणि काठ्यांना रबरी बूच लावून न्या, ऑक्टोबरात सकाळी दगडावर दवाचं बर्फ झालेलं असतं.